सख्खे, चुलत आणि बटणवाला

शर्टांच्या कारखान्यात खरेदी बघणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे चिमटाबाई म्हणत. कापड असो की दोरा, चिमटीत धरून ओढल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. माणसांवर तर नाहीच. म्हणून चाळिशी उलटली तरी लग्न राहिलं, असं त्यांची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटे.

माल पुरवणाऱ्यांची बाईंनी गोतावळ्यासारखी वाटणी केली होती. न सांगता वेळेवर माल पाठवणारे ते सख्खे. माल चांगला, पण फोन करकरून जीव नकोसा करणारे चुलत. अडल्यावरच आठवायचे ते लांबचे. आणि चेनवाला म्हणजे जावई! तसली चेन दुसरं कुणी करतच नव्हतं, म्हणून त्याचे रुसवेफुगवे मुकाट्याने काढायचे.

बटणवाला लांबचा. बटणं दिसायला देखणी, पण उकळत्या पाण्यातून काढून इस्त्रीखाली धरली की तडकायची. दर वेळी नापास होऊन तो हसत म्हणे, "बरं झालं सांगितलंत. येतो पुन्हा." आणि खरंच येई. बघता बघता बाई त्याची वाट बघू लागल्या. त्याहून वाईट म्हणजे, त्याने पास व्हावं असं त्यांना मनापासून वाटू लागलं. आजवर कुणासाठी केली नाही ती लबाडी आपल्या हातून होते की काय, या धास्तीने त्या त्याचं बटण इतरांपेक्षा जास्तच उकळत.

परवा तो नवा नमुना घेऊन आला. बाईंनी उकळला, इस्त्री फिरवली, चिमटीत पिळला, शेवटी दाताखाली धरला. बटण ढिम्म! बाईंनी टेबलाभोवती चक्क गिरकी घेतली. शिलाईच्या बायकांनी मशिनी थांबवल्या.

"पास!" बाई ओरडल्या. "सख्ख्यांत घातलं तुम्हाला!"

"नको," बटणवाला घाईघाईने म्हणाला. "मी माल देत नाही."

"वेड लागलंय का? मग इतके महिने माझं डोकं कशाला खाल्लंत?"

"तुमच्या मालकांना विचारलं मी. खरेदी बघणाऱ्याच्या नातेवाइकाकडून माल घेत नाहीत म्हणे इथे." त्याचे कान लालबुंद झाले होते. "पण नापास माणसाने कुठल्या तोंडाने मागणी घालायची? म्हणून आधी पास होऊन दाखवलं."

मशिनी बंदच होत्या. बाईंनी बटण उजेडात धरलं. इतकं गुणी बटण! जीव हळहळला. मग त्यांनी ते पुडीत टाकलं आणि पुडी त्याच्या खिशात कोंबली.

"घेऊन जा," त्या हसू दाबत म्हणाल्या. "बटणवाले मला पुष्कळ मिळतील."