बयूमीच्या नावावरची वीज

इन्शिराहसारखी शिंपीण अलेक्झांड्रियात दुसरी नव्हती. आमच्या नाटकमंडळीचे कपडे ती शिवायची, आणि माझं वाक्य अडलं की तोंडात टाचण्या धरून विंगेतून मला ते पुरवायची. मंडळी बंद पडल्यावर ती घरी विजेच्या मशीनवर नवऱ्यामुलींचे पोशाख शिवू लागली. त्या मशीनवरच नवराबायकोचं पोट होतं.

गेल्या हिवाळ्यात नवरा बयूमी वारला. माती दिल्यावर तिचा भाऊ रिवाजाप्रमाणे कबरीपाशी उभा राहिला आणि मोठ्यांदा म्हणाला, "बयूमीकडे कुणाचं काही येणं असेल तर आमच्याकडे या. आम्ही फेडू." कुणी पुढे आलं नाही. माणूस कर्ज ठेवून गेला की त्याची रूह, त्याचा आत्मा, अडकून राहते, असं आमच्यात मानतात. इन्शिराह रडता रडता म्हणाली, "बघ नेमत, माझा माणूस मोकळा गेला."

महिन्याभरातच वीजकंपनीची नोटीस आली. नवं मीटर बसल्यापासून त्यांचा माणूस शेवटचा आकडा टिपतच नव्हता, म्हणून बिलं दहाव्या हिश्श्याची येत होती. चूक त्यांची, पण सगळ्या वर्षांची थकबाकी बयूमीच्या नावावर. प्रकरण कोर्टात गेलं.

शेजारचा रऊफ कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "बाकीचा बराचसा भाग वसुलीच्या मुदतीबाहेर गेलाय. फक्त तुम्ही कोर्टात तसं म्हणायला हवं. न्यायाधीश आपणहून म्हणू शकत नाही. म्हटलंत तर मशीन वाचेल, नाहीतर विकावं लागेल."

एका वाक्याचा प्रश्न! मी खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर न्यायाधीश होऊन बसले.

"बोला, बाई!"

"मुदत उलटली आहे. जुनी बाकी मी देणं लागत नाही." मग ती हसलीच. "न्यायाधीश कांदा खाऊन येतो का गं?"

"आपला खातो. पुन्हा म्हण."

कोर्टात तिचा पुकारा झाला. न्यायाधीश भला होता. त्याने विचारलं, "जुन्या रकमेबद्दल काही म्हणायचंय? नीट विचार करून सांगा."

मी मागच्या बाकावरून ओठ हलवले. मुदत उलटली आहे. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मग पुढे वळून म्हणाली, "साहेब, वीज आम्ही जाळली ना? मग लिहून घ्या. मी देते."

बाहेर रऊफ उसळला, "अहो, कायद्याने सुटला होता बयूमी!"

"तुमच्या कायद्याने. तिकडे कबरीत त्याला विचारणारे निराळे."

"आणि तुम्ही खाणार काय?"

ती पायऱ्या उतरू लागली. मी हळूच म्हटलं, "विसरलीस का गं?"

"तुझं वाक्य मी कधी विसरलेय?"

मशीन न्यायला माणूस हातगाडी घेऊन आला. "पट्टा सैल आहे, सुरुवातीला हळू चालवा," तिने त्याला बजावलं. मशीन विकून आलेल्या पैशांतून बाकी फिटली. त्या संध्याकाळी तिचा चेहरा उजळला होता. "आता मोकळा झाला. स्वप्नात येऊन सांगेल बघ."

आता ती हाताने शिवते. नवऱ्यामुली मशीनच्या शिवणीकडे जातात. हिच्याकडे काजं आणि बटणं येतात. परवा तिच्या खिडकीशी बसले होते.

"आला का गं बयूमी?"

तिने सुई उजेडाकडे धरली, दोरा दोनदा चुकला.

"नाही," ती म्हणाली. "धर, तू ओव."