मालनबाईचा लांब दांड्याचा कोयता

मालनबाईनं कोयता कानाशी धरला आणि पात्यावर नखानं टिचकी मारली. आवाज बसका निघाला. तिनं तो पोत्यावर परत ठेवला आणि दुसरा उचलला.

संगमनेरच्या आठवडी बाजारात मोहियोद्दीन शिकलगाराच्या पुढ्यात ती अर्धा तास उकिडवी बसली होती. सहा कोयते नापास झाले होते. एकाचं पातं डोळ्यापुढं धरलं तर तिरकं, एकाच्या पात्याला तापवून दिलेलं पाणी नीट बसलेलं नाही, एकाची मूठ म्हणे पुरुषाच्या हाताची. मोहियोद्दीनचाचा कानशीनं कुणाचा तरी विळा घासत होता. तीस वर्षांची ओळख. या बाईला घाई केली तर ती उठून जाते आणि जाताना आपल्या लोखंडाची चार माणसांत अब्रू काढते, हे तो शिकून चुकला होता.

मालनबाईला निवड कळते, हे प्रवराकाठच्या चार गावांत कुणालाही विचारा. गाय घ्यायची असली की माणसं जनावरांच्या डॉक्टरच्या आधी तिला नेतात. कांद्याचं बी ती तळहातावर घेऊन सांगते, उगवेल की नाही. मुलगी बघायला गेली तर रंग बघत नाही, पाणी मागते; देण्याआधी पोरगी ग्लास विसळते का, तेवढं बघते. धाकट्या दिराला सत्यशीला तिनंच पसंत केली होती. घरातले म्हणाले, पोरगी काडीसारखी आहे, शेतात काय करणार? मालनबाई म्हणाली, मनगट बारीक हाय पन नजर सरळ हाय. आणि त्या बारीक मनगटाला शोभेल असा हलका विळाही तिनंच याच दुकानातून निवडून दिला होता. बावीस वर्षं दोघी जावा एकाच वाफ्यात गवत कापत आल्या. गावात जावांची भांडणं चवीनं ऐकतात, पण या घरानं गावाला तेवढी करमणूक कधी दिली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी सत्यशीलेला बिबट्यानं नेलं.

नेलं म्हणजे तरी किती? वीस पावलं. उसाच्या कडेपर्यंत. आणि रात्री-बेरात्री नाही, सकाळी आठ वाजता, लख्ख उन्हात. शंभर पावलांवरच्या डांबरी रस्त्यावरून शाळेच्या गाड्या चालल्या होत्या. मालनबाई त्या दिवशी घरी नव्हती. शेजारच्या गावचा बन्सी गाय घेणार होता, ती पारखायला पहाटेच मोटारसायकलवर मागं बसून गेली होती. परतली तेव्हा बांधावर माणसं उभी होती आणि कुणीही तिच्या तोंडाकडं बघत नव्हतं. तिनं जाऊ बघितली. उजव्या मुठीत विळा होता. डाव्या मुठीत गिन्नी गवताचा झुपका, अर्धा कापलेला. दोन्ही तसेच. बाईनं ना विळा टाकला होता, ना गवत.

तो विळा मालनबाईच्या डोक्यातून जाईना. हत्यार हातात होतं. मग चाललं का नाही? एवढूसं होतं म्हणून. आणि ते एवढूसं कुणी निवडलं होतं?

वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली. पिंजऱ्यात शेळी बांधली. बिबट्या फिरकला नाही, शेळी तेवढी चारा खाऊन अंगानं भरली. गोठ्यात चार गायी, दूध रोज डेअरीला जायचं, ओली वैरण रोज लागायची. तेराव्यापर्यंत भावकीनं चारा पुरवला. तेरावं झालं आणि सत्यशीलेची पोरगी संस्कृती, एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, सरळ उठून म्हणाली की सोमवारपासून गवत मी कापणार. मालनबाईच्या नवऱ्यानं, कारभारींनी, समजावून बघितलं, चारा विकत आणू म्हणाले. पोरगी म्हणाली, किती दिवस? तिच्या बापाला तर बायकोच्या नावानंच रडू फुटायचं.

तेव्हा मालनबाई बाजारात आली होती ती संस्कृतीसाठी. एकदा निवड चुकली होती. दुसऱ्यांदा चुकली तर त्या घरात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

सातवा कोयता तिला पटला. ट्रकच्या पाट्याचं लोखंड, रुंद पातं, टिचकीचा आवाज लांबवर गेला. वजन असं की नुसता खाली सोडला तरी बोटभर जाडीची काठी तुटावी.

चाचानं विचारलं, नेमका कशासाठी पाहिजे?

"गवताला," मालनबाई म्हणाली. "आन बिबट्याला."

चाचानं कानस खाली ठेवली. सत्यशीलेची बातमी त्याच्यापर्यंत आली होतीच. तिचा विळा दर दिवाळीला धारेला त्याच्याकडंच यायचा. तो म्हणाला, कसं कापता ते एकदा दाखव. मालनबाईला हसू आलं. तीस वर्षं गवत कापणारीला हा गवत कापायला शिकवणार. पण लोखंडाच्या बाबतीत या म्हाताऱ्याला तिनं मानलेलं होतं. तिनं पदर खोचला, कमरेत वाकली, डाव्या हातात नसलेलं गवत धरलं, उजव्या हातातला कोयता बुडाशी नेला.

आणि तिच्या मानेवर पंजा पडला.

थंडगार, लोखंडाच्या वासाचा. दाबला नाही, नुसता टेकला. मालनबाईचा श्वास अडकला. कोयता हातात होता, तो तसूभर हलला नाही. ओरडावं हेसुद्धा सुचलं नाही. सगळा बाजार एकदम लांब गेल्यासारखा झाला.

पंजा उचलला गेला. ती वळली. मागं मोहियोद्दीनचाचा उभा होता. तो उठला कधी, फिरून मागं आला कधी, तिला पत्ताच नव्हता.

भर बाजारात परक्या बाईच्या मानेला हात, आणि तोही कुणाचा, एवढं बघायला काही डोळे टपलेलेच असतात. मिरचीच्या ढिगाआडून दोन टाळकी लगेच पुढं सरकली. एकानं बाह्या मागं सारल्या, दुसऱ्यानं मोबाईल वर धरला. काय झालं मावशी, असं विचारताना त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, भूक होती.

मालनबाईची जीभ मात्र जाग्यावर होती. "गप बसा," ती म्हणाली. "माजा सौदा चाललाय."

टाळकी हिरमुसून मागं गेली. चाचानं दोन्ही हात जोडले. म्हणाला, सांगून केलं असतं तर तुला कळलं नसतं. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "कोयता हातात होता ना, बाई?"

"व्हता."

"मग?"

मालनबाई खाली बसली. चाचाच बोलत राहिला. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं, तो मागून येतो, उभ्या माणसाला बुजतो. आत्ता नेतेस तो कोयता एवढा जड, की पोरगी आणखी वाकेल. मोठं हत्यार घेऊन माणूस मागं बघायचं विसरतं.

त्यानं मागच्या ढिगातून एक वेगळाच कोयता आणला. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तोडायला लोक नेतात तसला. दांडा छातीइतका उंच, पातं लहानखुरं. मालनबाईनं सवयीनं टिचकी मारली. आवाज बसका. पातं तिच्या मापात बसत नव्हतं. नेहमीच्या पारखीनं हा कोयता पहिल्या फेरीतच बाद झाला असता. पण ती उभी राहिली, दोन्ही हातांनी दांडा धरून जमिनीलगत फिरवला, आणि पाठ ताठ राहिली. मान वर राहिली. समोरचा अख्खा बाजार दिसत राहिला. गवताचं वीतभर खोड मागं राहील, राहू दे. तिनं तोच घेतला.

गावाकडच्या प्रवासी जीपमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की छातीवरचं ओझं हललंय. विळ्याचा दोष नव्हता. तलवार दिली असती तरी तेच झालं असतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती शेजारणीशी बोलली, तिच्या पिशवीतल्या मेथीला नावंही ठेवली.

गावच्या फाट्याअलीकडं नाकाबंदी होती. शहराकडं कुठल्या तरी पोरांनी कोयते नाचवून व्हिडिओ काढले होते, म्हणून सगळ्या गाड्या तपासायचं चाललं होतं. हवालदारानं जीपमध्ये डोकं घातलं, पोत्यात गुंडाळलेली लांबलचक वस्तू ओढली आणि पातं बघून दोन पावलं मागं सरला. कुणाचं हे? मालनबाई म्हणाली, माझं. सगळ्यांच्या देखत तिला खाली उतरवलं. पंचावन्न वर्षांची बाई, अंगावर साधं लुगडं, पायात झिजलेली चप्पल. कोणत्या टोळीची म्होरकी म्हणून तिला पोलीस गाडीत घातली, ते त्या हवालदारालाच ठाऊक. व्हिडिओतली पोरं मोकळी फिरत होती आणि सरकारच्या हाती कोण लागलं, तर मालनबाई. जीपमधली माणसं खिडकीतून बघत राहिली. घाबरण्याआधी तिला काय झालं असेल तर आश्चर्य. आयुष्यात तिच्याकडं असं, चोराकडं बघतात तसं, कुणी बघितलं नव्हतं.

चौकीत फौजदार तरुण होता. टेबलावर कोयता आडवा ठेवलेला. त्यानं विचारलं की एवढा लांब कोयता कशाला लागतो. ती म्हणाली, गवत कापायला. तो म्हणाला, गवत विळ्यानं कापतात, मीही शेतकऱ्याचाच आहे. हवालदार हसला. मालनबाईनं बिबट्याचं सांगितलं. फौजदार म्हणाला, बिबट्यासाठी वनखातं आहे, प्रत्येकानं हत्यार घेऊन फिरायचं ठरवलं तर आम्ही काय करायचं? कोयता जमा राहील, नाव-गाव लिहून जा.

उद्या सोमवार होता. उद्या संस्कृती वाफ्यात उतरणार होती, कोयता असो नसो. आईचा विळा तिनं घासून ठेवला होता, तो मालनबाईनं सकाळीच पाहिला होता.

"सायेब," ती म्हणाली, "तुमच्या कमरंला पिस्तूल हाय न्हवं?"

आहे की, तो म्हणाला.

"भरल्यालं?"

त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याच्याशी तुला काय करायचंय?

"काय न्हाई. तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

फौजदारानं खाली बघितलं, खुर्ची सरकवून वाकला. मालनबाई टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं त्याच्या मानेवर तळहात टेकला.

चौकीतली हवाच थांबली. हवालदार धावला आणि मध्येच थबकला, कारण साहेब जागचा हलला नव्हता. वाकलेला होता तसाच, नाडीची दोन्ही टोकं बोटांत.

"आता काढा पिस्तूल," मालनबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माजी जाऊ अशीच गेली."

तिनं हात काढून घेतला. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं. सरकारी माणसाच्या अंगाला हात. कारभारींना कोण कळवणार, जामीन कोण राहणार, असं कायकाय डोक्यातून गेलं.

फौजदार सरळ झाला. चेहऱ्याचा रंग उडाला होता. त्यानं शर्टाच्या कॉलरखाली हात घालून स्वतःची मान चाचपली. धरा हिला म्हणेल असं हवालदाराला वाटलं असावं, कारण तो आधीच पुढं आला होता. पण फौजदारानं विचारलं ते गावाचं नाव. तिनं सांगितलं.

"तो पंचनामा मीच केला होता," तो म्हणाला. मग थांबून: "उजव्या मुठीत विळा. लिहिलं होतं मी."

लिहिलं होतं आणि पुढचा कागद ओढला होता. हे तो बोलला नाही. पण इतका वेळ त्या टेबलाकडं बघत बसला की मालनबाईला ते कळलं. शेवटी त्यानं कोयता उचलून तिच्यापुढं धरला. पातं पोत्यानं बांधून ने म्हणाला, आणि हवालदाराला बजावलं की बाईंना गावात नेऊन सोड. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यानं मागून विचारलं. त्यात टोचणी नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, त्या दिवशी तिच्या मागं कुणीच नव्हतं का?"

चार गावांना उत्तरं देणारी मालनबाई उंबऱ्यात उभी राहिली. बावीस वर्षं एकीनं कापायचं आणि दुसरीनं मागं पेंढ्या बांधायच्या. कुणी राखणीला म्हणून उभं राहिलं नव्हतं, नुसतं मागं कुणीतरी असायचं. त्या दिवशी मागं असणारी बाई बन्सीच्या गायीचे दात मोजत होती.

ती जाऊन गाडीत बसली. मोकळी झालेली छाती पुन्हा भरून आली, आणि या वेळी विळ्यावर ढकलायचीही सोय राहिली नव्हती.

सोमवारी सकाळी उन्हं वर आल्यावर दोघी वाफ्यात गेल्या. सत्यशीलेनं जिथं सोडलं होतं तिथं अर्धं कापलेलं बुड अजून दिसत होतं. पंधरा दिवसांत त्यालाही फुटवे आले होते. संस्कृती थोडा वेळ तिथंच बघत राहिली. मालनबाईनं तिच्या हातात दांडा दिला, पाठीवर थाप मारून पाठ ताठ केली. पोरगी उभ्यानं कापायला लागली. पहिले वार वाकडे गेले, मग हात बसला. मालनबाई तिच्याकडं पाठ करून, काठी घेऊन, उसाकडं तोंड करून उभी राहिली.

गवत आडवं पडलं. आणि मग दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं. कापणं उभ्यानं होतं. उचलायला वाकावंच लागतं. पेंढी उभ्यानं बांधायचं हत्यार कोणत्याच शिकलगारानं केलेलं नाही.

संस्कृती वाकायला निघाली. मालनबाईनं तिचा दंड धरला.

"तू न्हाई. तू हुबी ऱ्हा."

तिनं काठी टाकली, पदर खोचला आणि वाकली. मान उघडी पडली तशी अंगातून कळ गेली. चाचाचा पंजा अजून तिथंच होता. तिनं पहिली पेंढी ओढली. मागं ओल्या मातीत संस्कृतीच्या पायांचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला.

"हायस का गं?"

"हाय, मोठी आई."

तिनं आवळून गाठ मारली आणि दुसऱ्या पेंढीला हात घातला.