झडपेपुरता कापूस

मंडळी, आज इथे आखातात, देरा वस्तीत घर पाहिलं. पुढच्या बोटीने बायको आणि तान्ही मुलगी येताहेत. त्या पत्र्याखाली भाजायला नकोत.

आपले रत्नागिरीचे दलाल दाऊदभाई म्हणाले, “शास्त्रीबुवा, पत्र्याखाली माळाभर काचेचा कापूस घातलाय. ऊन खाली उतरतच नाही!” माळ्याची झडपही त्यांनीच उघडली. कापूस दिसला, चांगला वीतभर जाड.

पण न मागता एवढा उत्साह? पाठशाळेत प्रत्यक्ष हेच पहिलं प्रमाण शिकलो होतो. शिडी चढून छत्रीने आत चाचपलं. हातभर पुढे नुसत्या फळ्या!

“भाई, बाकीचा कापूस?”

“येईल, इन्शाल्ला.”

“तोवर तिघांनी झडपेखालीच झोपायचं का?”

दाऊदभाई हसले. मी घर नाकारलं. बोटीला आठ दिवस उरलेत.

मंडळी, तुमची घरंही त्यांनीच दाखवली होती ना? माळ्यावर कोण चढलं होतं?