उरलेली शिक्षा माफ

तुरुंगाच्या दारातून माझा थोरला भाऊ बाहेर आला, तेव्हा त्याच्या अंगावर अटकेच्या दिवशीचाच सदरा होता. दीड वर्ष गाठोड्यात पडून त्याला कसर लागली होती. मला बघून तो म्हणाला, "बाय, तुझी शाळा बुडाली ना आज?"

मी तेव्हा रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवत होते. मी कोवळ्या वयात विधवा झाल्यावर दादानंच घरच्यांशी भांडून मला ट्रेनिंगला घातलं होतं. तो स्वतः देवरूखच्या बाजूला एका खेड्यात मास्तर. शाळेच्या जागेवरून तिथल्या पाटलाशी त्याचं वाजलं आणि महिन्याभरात गावची चावडी जळाली. मास्तरांना तिथून पळताना पाहिलं, असं पाटलाच्या दोन माणसांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. दादाला तीन वर्षं सक्तमजुरी झाली. निम्मी भोगून झाली असताना, दुसऱ्याच गुन्ह्यात धरलेल्या एका माणसानं चावडी आपण पेटवल्याचं कबूल केलं. चावडीतली पितळी दौतही त्याच्या घरात सापडली.

सुटकेचा कागद इंग्रजीत होता. शेजारच्या वकिलांनी तो वाचून दाखवला. सरकारनं मेहेरबान होऊन उरलेली शिक्षा माफ केली होती.

"माफ?" दादा म्हणाला. "मी काय केलं म्हणून माफ?"

"मास्तर, सुटलात ना? झालं तर मग."

दादानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दाढी करून, माझ्याकडून धुतलेलं धोतर मागून घेऊन तो शाळाखात्याच्या कचेरीत गेला. मी सोबत होते. कारकून ओळखीचा होता, पण मान वर न करताच बोलला.

"शिक्षा झालेल्याला परत घेता येत नाही, मास्तर."

"अहो, मी निर्दोष ठरलोय."

"तसं यात कुठं लिहिलंय?"

खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. मग तसं लिहून मिळावं म्हणून अर्ज सुरू झाले. मजकूर दादा सांगायचा, अक्षर माझं. एकदा मोठे साहेब दौऱ्यावर आले, तेव्हा बंगल्याबाहेर सकाळपासून उभं राहून त्यानं भेट मिळवली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि सरकारनं दाखवलेल्या दयेचा मान राखा, असं सांगून निरोप दिला. त्या खुर्चीचं दादाला फार लागलं. "उभं ठेवून हाकललं असतं तर बरं होतं," तो म्हणाला. पुढं मलाच शाळेतून विचारणा झाली: सरकारविरुद्ध अर्ज तुम्ही लिहिता का? मी हो म्हणाले. नोकरी राहिली, बढती गेली. दादाला मी हे कळू दिलं नाही. पण त्याला कळलंच, आणि पुढचे अर्ज तो स्वतः लिहू लागला.

पोटासाठी तो बंदरावर बसून पत्रं लिहून द्यायचा. जयगडकडच्या बायका येत, मुंबईला किंवा बोटीवर गेलेल्या नवऱ्यांना काय कळवायचं ते सांगत. त्यांना त्याच्या तुरुंगाशी कर्तव्य नव्हतं. तिथं तो जरा मोकळा असे.

एका उन्हाळ्यात शहराबाहेर गवताच्या उडव्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो. हवालदार दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, जरा ठाण्यावर यायला लागेल."

"यांचा काय संबंध?" मी ओरडले. "काल दिवसभर ते बंदरावर होते!"

"आम्हाला वरून सांगणं असतं, बाई."

दादानं हात धुतला आणि निघाला. संध्याकाळी त्याला सोडलं. त्यानंतर त्यानं एकही अर्ज केला नाही. पुढच्या पावसाळ्यात तापानं गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

चार महिन्यांनी ठाण्यातला एक नवा शिपाई चौकशीला आला. त्याच्या हातात नजर ठेवायच्या माणसांची यादी होती. दादाचं नाव इतकी वर्षं तीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"ते वारले," मी सांगितलं.

तो ओशाळला. "मग दाखला आणून द्या, बाई. त्याशिवाय नाव कमी होत नाही."

दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन मी ठाण्यात गेले. जमादारानं नाव शोधलं, रेघ मारली आणि टीपकागद दाबला. शाळेत पोहोचायला उशीर झाला. मुख्य बाईंनी कारण विचारलं, तेव्हा जे होतं तेच सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, आणि माझा तास त्या स्वतः घ्यायला गेल्या.