उल्केच्या पंचनाम्यातलं एक वाक्य

उंद्रीच्या पुढे आमचं गव्हाचं शेत आहे. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाइन रात्री बारा ते सकाळी आठ होती. म्हणून दोन वाजता बाबा स्प्रिंकलरचे पाइप बदलत होते आणि मी पुढे टॉर्च मारत होते. साप दिसला की ओरडायचं, हे माझं काम.

एकदम टॉर्चची गरजच उरली नाही. अख्खं शेत हिरवट-पांढरं उजळलं. बाबांच्या पोटऱ्यांवरचा चिखलसुद्धा दिसला. माझी सावली माझ्याभोवती गर्रकन फिरली. वर एक पेटता गोळा उत्तरेकडे धावला, फुटला, विझला. बऱ्याच वेळाने गडगडलं.

"पाह्यलं का वं?" बाबा म्हणाले. आणि लगेच, "पाइप धर. लाइन जाईन."

तिसऱ्या दिवशी तलाठी आले. उल्केचा तुकडा कुठे पडला का, याचा पंचनामा करायचा होता. साक्षीदार पाच, आणि पाचही पाणी द्यायला गेलेले. बाकी गाव झोपलं होतं.

दिवसा वीज द्या, म्हणून आम्ही तहसीलला तीन निवेदनं दिली होती. पत्रकं मीच लिहिली, मीच वाटली. विचारायला एक माणूस आला नव्हता.

"दगड आभायातून पडला तं तिसऱ्या रोजी आले, भाऊसाहेब," बाबा म्हणाले. "आमचा अर्ज बसनं आल्ता. रस्ता चुकला आसन."

तलाठ्यांनी लिहिलं: साक्षीदार घराबाहेर असताना प्रकाश दिसला.

"घराबाहेर म्हणजे कुठे?" मी अडवलं. "रात्री दोनला शेतात. कशासाठी, तेही लिहा."

"ताई, उल्केचा अन् लाइनचा काय संबंध?"

"लाइन दिवसा असती, तर तुम्हाला एकही साक्षीदार सापडला नसता."

"इथं आंदोलन नका करू."

शेजारच्या शेतातल्या चाचांनी सहीसाठी घेतलेल्या पेनाला टोपण लावलं. "मंग सही नाई होत, साहेब."

बाकीच्यांनीही हात मागे घेतले. सह्यांशिवाय पंचनामा कसला? तलाठ्यांनी चहा संपवला. मग ओळ खोडून त्यांनी लिहिलं: दिवसा वीजपुरवठा नसल्याने साक्षीदार रात्री दोन वाजता पिकास पाणी देत होते.

मी ते मोठ्याने वाचलं. मगच सह्या झाल्या.

चौथ्या निवेदनाला मी त्या पंचनाम्याची प्रत जोडली आहे. आमचं म्हणणं आता सरकारी अक्षरात आहे. खोटं ठरवून दाखवा.