क्लोव्हिसला डाव लांबवायचा होता

क्लोव्हिस आर्सेनो आमच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं यंत्रापाशी उभं राहून त्याचे कान गेले, त्यामुळे तो साधं ‘बऱ्या आहात ना’ हेसुद्धा नदीपलीकडच्या माणसाला विचारल्यासारखं विचारतो. त्याची थोरली बहीण कॉन्व्हेंटमध्ये माझ्या वर्गात होती, म्हणून एकाहत्तर वर्षांच्या या माणसाला मी अजून अरेतुरे करते.

त्याची बायको इव्होन चार वर्षांपूर्वी गेली. एकुलता एक मुलगा रेजाँ देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर आहे. “त्याला कळवू नकोस, उगाच घाबरेल,” असं इव्होन आजारपणात म्हणाली आणि क्लोव्हिसनं जन्मभर ऐकलं तसं तेव्हाही तिचं ऐकलं. रेजाँ पोहोचला तेव्हा दफन होऊन एक दिवस झाला होता. चर्चच्या पायऱ्यांवर तो बापाला एवढंच म्हणाला, “तुला एक फोन करता आला नाही?” त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

माझ्या रोजच्या वहीत नऊ जानेवारीच्या पानावर नोंद आहे: ‘दहा वाजता क्लोव्हिस आला. बुद्धिबळ शिकवाल का म्हणाला. बर्फाचे बूट दाराबाहेर काढले नाहीत.’

झालं होतं असं. रेजाँ फोनवर बुद्धिबळ खेळतो हे क्लोव्हिसला भाचीकडून कळलं. त्या खेळात एका खेळीला तीन दिवसांची मुदत असते, त्यामुळे एक डाव महिनोन्‌महिने चालू शकतो. क्लोव्हिसनं भाचीकडून टॅब घेतला, स्वतःच्या नावानं मुलाला डावाचं निमंत्रण पाठवलं आणि रेजाँनं ते स्वीकारलं. शेजारी निरोप लिहायची जागा होती, ती दोघांनीही कोरीच ठेवली.

“अकरा खेळ्यांत आटोपलं त्यानं मला,” क्लोव्हिस म्हणाला. “तरी तीन आठवडे रोज तिथं होता तो.”

“मग तुला आता त्याला हरवायचंय?”

“हरवून काय करू, मादाम? मला लांबवायचंय.”

मी होकार दिला, पण एका अटीवर. चालू डावाकडे मी बघणार नाही. संपलेले डाव आणायचे. माझे पती युलीस यांनी मला खेळ शिकवला. दुसऱ्याच्या पटाशी कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र वाचणं, असं ते म्हणत.

शिकवणं सोपं नव्हतं. क्लोव्हिस आयुष्यभर पत्ते खेळलेला. हुकमाचं मोठं पान आधी आपटायचं ही हाताची सवय, म्हणून तिसऱ्या खेळीला वजीर बाहेर यायचा आणि आठवीला मरायचा.

“वजीर घरात ठेव.”

“घरात ठेवून काय लोणचं घालायचं त्याचं?”

मी त्याला हातांवर बसायला लावलं. खरंच, दोन्ही पंजे मांड्यांखाली. समोरचा आता काय मारू शकतो, हे स्वतःशी म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. दुसरा डाव चौदा खेळ्या चालला, तिसरा बावीस. चौथा मार्चअखेरीस सुरू झाला आणि मे संपला तरी चालूच होता.

त्या दिवसांत तो गुरुवारी माझ्याकडे फ्रिको, म्हणजे आमचं कोंबडी-बटाट्याचं सूप, प्यायला यायचा आणि बटाटे बाजूला सारत मुलाच्या बातम्या सांगायचा. “या आठवड्यात रात्रपाळी आहे त्याची. खेळ्या सकाळच्या येताहेत.” किंवा, “दोन दिवस काही नाही. आजारी असेल.” मग शनिवारी घोडा हलायचा आणि क्लोव्हिस जिन्यातूनच ओरडायचा, “बरा आहे तो.”

दोन जूनला त्यानं सूप गार होऊ दिलं. मग म्हणाला, “मादाम, पुढे गेलोच नाही, नुसतं जागच्या जागी केलं, तर चालतं?”

त्याची घाई कमी झाली म्हणून मला बरं वाटलं. “चालतं की. थांबणं हीसुद्धा खेळीच आहे.” हे वाक्य मी वहीत उतरवलं आणि खाली रेघ ओढली.

अकरा जूनला तो टॅब छातीशी धरून आला. “बिघडलंय हे. डाव संपला म्हणतंय.”

पडद्यावर ‘बरोबरी’ लिहिलं होतं. मी खेळ्या मागं नेऊन पाहिल्या. क्लोव्हिसचा हत्ती शेजारच्या घरात गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा उभी राहिली की डाव बरोबरीत सुटतो आणि ती साइट तो आपोआप बंद करते. नवशिक्याला याची गरज कधी पडते, म्हणून मी हा नियम शिकवलाच नव्हता.

“इथं तू दोन खेळ्यांत मात करू शकला असतास,” मी म्हटलं.

“दिसत होतं मला. म्हणून तर हत्ती बाजूला हलवत बसलो.” मग आवाज उतरला, इतका की मला पुढे वाकावं लागलं. “हा नियम तुम्हाला ठाऊक होता?”

“होता.”

“मी विचारलं तेव्हा एकदा पट बघायचा होतात. पाप लागलं असतं का?”

मी त्याला दाखवलं की रेजाँकडे एक मोकळं प्यादं होतं. ते सरकवलं असतं तर डाव सुटला नसता. त्यानंही राजा नुसता मागं-पुढं नेला होता.

क्लोव्हिसनं बराच वेळ पाहिलं. “जेवणाच्या सुट्टीत खेळत असेल. न बघताच.”

“असेल.”

त्यानं त्याच दिवशी नवं निमंत्रण पाठवलं. समोरच्यानं स्वीकारलं नाही तर ते चौदा दिवसच टिकतं. पंचवीसला नाहीसं झालं. दुसरं जुलैत तसंच गेलं, तिसरं ऑगस्टच्या मध्यावर. चौथं तो पाठवत नाही. निरोपाच्या जागी काहीतरी लिही, असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा तो हातांवर बसला.

आता ऑक्टोबर लागला आहे. सकाळी दहा वाजता तो येतो, बूट दाराबाहेर काढतो आणि तोच डाव त्याच जागी उघडतो. त्या हत्तीला आणखी नऊ घरं मोकळी होती. तो एकेका घरावर बोट ठेवतो आणि तिथून डाव किती चालला असता ते मी त्याला सांगते. आता सांगायला हरकत नाही. संपलेला डाव आहे.