सम्राटाचा टच-अप

चिपळूणला असताना शंभू खेराडेनं किती पुढारी गोरे केले याला मोजदाद नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स आला की आधी सुरकुत्या पुसायच्या, मग हनुवटीखालची चरबी उडवायची, आणि टक्कल असेल तर देवाचं नाव घेऊन केस पेरायचे. तक्रार कुणाची नाही. एका सभापतींनी तर तोच फोटो घरात लावला!

आता तो बहरीनला, सलमाबादच्या एका वर्कशॉपात बोर्ड डिझाइन करतो. पुढाऱ्यांच्या जागी बिर्याणी आणि टायर आले, एवढाच फरक. त्यामुळे हाशिमसाहेबांचं काम आलं तसा गडी खुलला. साहेबांना जुन्या नाण्यांचा नाद. हूरा भागातल्या एका हॉटेलात त्यांचं प्रदर्शन होतं, आणि चांदीच्या एका रोमन नाण्याच्या दोन्ही बाजू त्यांना माणसाएवढ्या छापून हव्या होत्या. पुढून सम्राट ऑगस्टस, मागून ढाली घेऊन उभे असलेले त्याचे दोन नातू, गादीचे वारस.

"अरे, हे तर युवा नेतृत्व!" शंभू एकटाच हसला, आणि सवयीनं बोटं चालली. सम्राटाच्या गालावरचा खोल ओरखडा गेला, झिजलेलं नाक टोकदार झालं, कपाळावरचे केस दाट झाले.

बोर्ड पाहून हाशिमसाहेब लालबुंद झाले. "ये मेरा सिक्का मफी, मेरा नहीं! वो निशान दो हजार साल पुराना है!"

वर्कशॉपचा मालक अम्मार, त्याचा चेहरा पडला. मागे शंभूनं एका हॉटेलाची तंदुरी कोंबडी गोरी केली होती, तेव्हाच त्यानं बजावलं होतं, आणखी एक चूक आणि खलास. शंभूचा व्हिसा पुढच्याच महिन्यात संपत होता, आणि तो वाढवणं अम्मारच्याच हातात होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून शंभूनं विचारलं, "साब, इस राजा का उमर कितना था?"

"तब? साठ के ऊपर."

शंभूनं नाण्याचा मूळ फोटो पुन्हा पाहिला. ओरखडा होता, पण सुरकुती एकही नव्हती. चांगला पंचविशीतला जवान दिसत होता.

"साठ का ऐसा कैसे, साब?"

"मरने तक सिक्के पे उसको ऐसाच बनाया," हाशिमसाहेब गुरगुरले.

"मतलब मेरे से पहले भी किसीने टच-अप मारा." शंभूनं फोटोतल्या गुळगुळीत गालावर बोट ठेवलं. "उसका भी व्हिसा खलास होनेवाला होगा, साब."

हाशिमसाहेबांनी आधी डोळे वटारले, मग ते हसत सुटले आणि हसता हसता खुर्चीत बसले. "अम्मार, इसको जाने मत दो. मेरे पास और ग्यारा राजा हैं."

नोकरी वाचली, पण शंभूला हसू येईना, रडूच आलं. नाणं घडवणाऱ्या त्या कारागिराची नोकरी टिकली की नाही, हे हाशिमसाहेबांनाही ठाऊक नव्हतं.